घटना संपते, धसका संपत नाही : आघातानंतर आपल्या माणसाजवळ कोण उभं राहतं?

मुंबईहून भुसावळकडे जाणारी रेल्वे नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, देवळाली, नाशिक रोड, निफाड, लासलगाव असं करत मनमाडला जाते. या मार्गावरच्या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. ब्रिटनमध्ये डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला आजही 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपलीच देवळाली.

हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत थांबत. जहाजं ठरावीक हंगामातच सुटत. हंगाम हुकला की महिनोन् महिने ऊन, रिकामपण, आजारपण आणि दारू. त्यात काहींच्या मनाचा तोल जाई. सैनिक त्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सैनिकाने १९३६ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे लिहून ठेवलं. त्या सगळ्यांना युद्धाचाच आघात होता असं नाही. पण साम्राज्याच्या शिपायाचं मन बिघडलं आणि त्याची नोंद थेट शब्दकोशात झाली, एवढं खरं.

त्याच नाशिक जिल्ह्यात १९३० ते १९३५ या काळात हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांनी काळाराम मंदिराच्या दारात लाठ्या-दगड खाल्ले आणि गावोगाव बहिष्कार सोसले. त्यांच्या मनाचं काय झालं, हे कुठल्या कोशात आहे?

आपल्या वस्तीत मात्र शब्द होता आणि आजही आहे. 'त्याने धसका घेतला', 'तिने हाय खाल्ली', 'तेव्हापासून तो दचकून उठतो' असं आपल्या आज्या सांगायच्या. मानसोपचाराच्या पुस्तकात ज्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी म्हणतात, त्याचं अर्धं वर्णन या तीन वाक्यांत आहे. एफआयआर कसा नोंदवायचा, मोर्चा कसा काढायचा, सत्यशोधन समिती कशी नेमायची हे चळवळीला येतं. मोर्चा पांगल्यावर घरी जो माणूस रात्रभर छताकडे बघत पडतो, त्याच्याजवळ कसं बसायचं हे आपण शिकलो नाही. तेही चळवळीचंच काम आहे आणि त्याचे धडे आपल्याच इतिहासात आहेत, एवढं मला या लेखात मांडायचं आहे.

या दुखण्याला नाव कसं मिळालं

१९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. खंदकातले सैनिक अंगावर जखम नसताना थरथरत होते, कुणाची वाचा गेली होती, कुणाला दिसेनासं झालं होतं. डॉक्टर शब्द शोधत होते तेव्हा लष्कराकडे त्याचा शब्द तयार होता : भित्रेपणा. पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गट करून बसायला सुरुवात केली. युद्धविरोधी माजी सैनिकांच्या या बैठकांना रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शटान हे मानसोपचारतज्ज्ञ येत, पण बैठक सैनिकांची असे. जे भोगलं ते एकमेकांना सांगायचं आणि ऐकणाऱ्याने ते खरं मानायचं, एवढीच पद्धत. याच काळात स्त्री चळवळ बलात्कार आणि घरातल्या मारहाणीबद्दल बोलत होती. या दबावामुळे १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तकात पीटीएसडी हे नाव दाखल झालं.

म्हणजे हे नाव डॉक्टरांनी आपणहून दिलेलं नाही, भोगणाऱ्यांनी संघटित होऊन मिळवलं. त्या नावाने एक मोठी गोष्ट केली. 'या माणसात काय खोट आहे?' या प्रश्नाच्या जागी 'या माणसासोबत काय घडलं?' हा प्रश्न आला. आंबेडकरी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

या दुखण्याची लक्षणं थोडक्यात अशी. घडलेलं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं, जागेपणी आणि स्वप्नातही. ती जागा, तो रस्ता, तो विषय माणूस टाळू लागतो. स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचा विश्वास उडतो, अपराधी वाटतं, आनंद वाटेनासा होतो. शरीर सतत सावध राहतं : झोप नाही, चिडचिड आहे, कडी वाजली तरी काळजात धस्स होतं. घटनेनंतर काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे आणि बरेच लोक त्यातून सावरतात. महिना उलटूनही ते कमी झालं नाही आणि काम, संसार, शिक्षण अडू लागलं, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे.

बडोद्याचे बंद दरवाजे

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण सगळे वाचतो, पण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो. एकदा मनावरच्या आघाताचा दस्तऐवज म्हणून वाचून पाहा. परदेशी शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगून गेले.

ती प्रसंगचित्रं अठरा वर्षांनंतरही पुसली गेली नाहीत आणि आठवताना डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, असं बाबासाहेब लिहितात. बडोद्याची घटना १९१७ ची. अठरा वर्षांचा हिशोब केला तर आपण १९३५ च्या आसपास येतो. १३ ऑक्टोबर १९३५ ला निफाडला लागून असलेल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ज्या काळात तो निर्धार हजारोंसमोर उच्चारला गेला, त्याच काळात तोच माणूस कागदावर लिहीत होता की ती सकाळ आठवली की मला अजून रडू येतं. या दोन गोष्टींत विसंगती कुठे आहे? धसका घेतलेला माणूस दुबळा असतो, हा समज इथेच गळून पडायला हवा.

त्या प्रकरणातला पुढचा भाग आपण घाईने वाचतो. लाठीवाले निघून गेल्यावर बाबासाहेब दोन मित्रांकडे आसरा मागायला गेले. एक हिंदू होता, तो म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण, त्याने बायकोला विचारायचं निमित्त सांगितलं. दोन्ही दारं बंद झाली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी एका सार्वजनिक बागेत बसून काढला. पारशांनी हाकललं ही पहिली जखम होती. ज्यांच्यावर हक्काने विसंबावं त्यांनी दार उघडलं नाही, ही दुसरी.

अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जे मांडलं ते याच्याशी जुळतं. पीटीएसडी कुणाला होईल हे सांगणाऱ्या ठळक गोष्टींत घटनेनंतर आधार न मिळणं ही एक मोठी गोष्ट निघाली. घडलेली घटना आपण कुणीच मागे घेऊ शकत नाही. त्यानंतर दार उघडायचं की नाही, हे मात्र आपल्या हातात असतं.

'पोस्ट' म्हणजे नंतर. पण नंतर कुठे आहे?

काळारामचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पाच वर्षं रेटला. ९ एप्रिलच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, डोकी फुटली, कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचं कडं तोडून आत शिरला आणि रक्तबंबाळ होऊन पडला. हे आपण पोवाड्यांतून ऐकतो. पण सत्याग्रहाची किंमत नाशिक शहरापेक्षा जिल्ह्यातल्या खेड्यांनी जास्त मोजली. मुलांना शाळेतून काढलं, रस्ते बंद झाले, दुकानातून मीठ-मिरची मिळेना. सत्याग्रही घरी परतला तो त्याच गावात, त्याच पाटलाच्या नजरेसमोर.

इथे पाश्चात्त्य व्याख्या आपल्याला अपुरी पडते. सैनिक युद्धावरून घरी येतो, म्हणजे युद्ध एका देशात आणि घर दुसऱ्या. आपल्या माणसाचं घर आणि रणांगण एकच असतं. आरोपी जामिनावर सुटून पारावर बसलेला असतो. पीठ दळायला त्याच्याच दारावरून जावं लागतं. साक्ष फिरवण्यासाठी निरोप येत असतात. अशा बाईला 'आता झालं गेलं विसर, तू सुरक्षित आहेस' म्हणणं म्हणजे तिला खोटं ठरवणं. तिच्या शरीराने घेतलेली सावधगिरी निम्मी आजारामुळे असते आणि निम्मी अगदी बरोबर असते.

फ्रांझ फॅनन अल्जीरियातल्या ब्लिडा इथल्या मनोरुग्णालयात काम करत होता. तिथल्या गुलामगिरीने माणसं आजारी पडतात आणि बरी करून पुन्हा त्याच गुलामगिरीत पाठवायची, हे त्याला पटेना. १९५६ साली त्याने राजीनामा दिला. आपण राजीनामा देऊ शकत नाही, आपल्याला त्याच गावात राहायचं आहे. म्हणून गोळी आणि समुपदेशनाइतकीच सुरक्षितता हाही उपचाराचा भाग आहे, असं आपण ठामपणे म्हटलं पाहिजे.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. भैयालाल मागे राहिले. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. अॅट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही, अपील प्रलंबित राहिलं आणि २० जानेवारी २०१७ ला हृदयविकाराने ते गेले. त्यांना कुठला मानसिक आजार होता असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. माझा प्रश्न आपल्याला आहे. त्या दहा वर्षांत किती माइक, किती कॅमेरे, किती मंच त्यांच्यापुढे आले? त्या रात्रीबद्दल काहीही न विचारता त्यांच्याजवळ जाऊन बसणारे किती होते?

निफाडचे रानडे आणि बाबासाहेबांचं भाषण

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ ला निफाडमध्ये जन्मले. १९४३ साली त्यांच्या जयंतीला बाबासाहेबांनी पुण्यात 'रानडे, गांधी आणि जिना' हे भाषण केलं. त्यातला एक मुद्दा आजच्या विषयाच्या मुळाशी जातो. हक्कांचं रक्षण कायद्यापेक्षा समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते, असं बाबासाहेबांनी मांडलं. समाजाचाच विरोध असेल तर कायदा, न्यायालय काहीही पुरं पडत नाही.

जो माणूस पुढे देशाचं संविधान लिहिणार होता, त्याचं हे म्हणणं आहे. यावरून कायदा सोडून द्यायचा असा अर्थ कुणी काढू नये. उलट कायदा आपण पूर्ण वापरतच नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यात 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली. शारीरिक हानीसोबत मानसिक, मनोवैज्ञानिक आणि भावनिक हानी सोसलेली व्यक्तीही पीडित आहे, आणि तिचे नातेवाईकही त्या व्याख्येत येतात. म्हणजे रात्री ओरडत उठणारा मुलगा आणि त्याला कवेत घेऊन बसणारी आई, दोघंही कायद्याच्या लेखी पीडित आहेत. आपल्या किती तक्रारींत, किती जबाबांत मनाच्या हानीचा एक तरी परिच्छेद असतो?

त्याच कायद्याच्या १५-अ कलमानुसार जामिनासह प्रत्येक सुनावणीची पूर्वसूचना मिळण्याचा आणि तिथे म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. आरोपी सुटल्याचं बाजारात अचानक तो समोर दिसल्यावर कळणं आणि आधी कळलेलं असणं, यात धसका घेतलेल्या माणसासाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो. संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन, गरज पडली तर दुसरीकडे स्थलांतर, सामाजिक कार्यकर्त्यांची आणि वकिलांची मदत, हे सगळं त्या कलमात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मानसिक उपचार हा हक्क ठरवला आणि ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही त्यांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला.

कायद्याने एवढं दिलं. उरलेली ती सदसद्विवेकबुद्धी गावाने दाखवली नाही तर निदान वस्तीने दाखवावी. आपल्याच वस्तीत 'कशाला केस वाढवली', 'ती आता वेड्यासारखी करते' असं बोललं जातं तेव्हा बडोद्याचं ते दुसरं दार आपणच बंद करत असतो.

पटाचारा

हे काम आपल्या परंपरेला नवीन नाही. थेरीगाथेची अट्ठकथा पटाचारेची गोष्ट सांगते. एका दिवसात नवरा, दोन्ही मुलं, आईवडील, भाऊ, सगळे गेले. तिचं भान हरपलं, अंगावरचं वस्त्रही राहिलं नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांच्या सभेतही लोकांनी तिला अडवलं. बुद्धांनी तिला येऊ द्यायला सांगितलं, भान सावरण्याची हाक दिली. कुणीतरी स्वतःचं वस्त्र तिच्या अंगावर टाकलं. मग तिचं दुःख ऐकलं गेलं.

क्रम पाहा. आधी वाट मोकळी केली, मग अंग झाकलं, मग ऐकलं, आणि उपदेश शेवटी आला. आपण बहुतेक वेळा उपदेशापासून सुरुवात करतो. पुढे हीच पटाचारा भिक्खुणी होऊन लेकरं गमावलेल्या कितीतरी स्त्रियांचा आधार झाली. व्हिएतनामच्या सैनिकांनी जे १९७० साली शोधलं, ते या भिक्खुणीसंघाला ठाऊक होतं : भोगलेला माणूस भोगलेल्याला सावरू शकतो.

मग घरच्यांनी आणि कार्यकर्त्यांनी काय करायचं?

पहिलं, विश्वास ठेवा. तपशिलात गफलत झाली म्हणून उलटतपासणी घेऊ नका. आघाताची आठवण तुकड्यातुकड्यांनी येते.

दुसरं, बोलायला भाग पाडू नका. घटनेनंतर लगेच सगळं वदवून घेतलं की मन मोकळं होतं, हा समज जागतिक आरोग्य संघटनेने नाकारला आहे. माणूस बोलेल तेव्हा ऐका, गप्प राहिला तर सोबत गप्प बसा. पत्रकार, नेते, समित्या यांना एकच कार्यकर्ता सामोरा जाईल अशी व्यवस्था करा. मंचावर यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि 'नाही' म्हटल्यावर चळवळीशी गद्दारी झाली असं म्हणायचं नाही.

तिसरं, रोजच्या लहान गोष्टी सांभाळा. झोपेतून उठवताना अंगाला हात लावण्याआधी लांबून नावाने हाक मारा. फटाके, डीजे, मिरवणूक यांची आधी कल्पना द्या. घटनेची तारीख जवळ आली की त्रास वाढतो, त्या दिवसांत एकटं सोडू नका. कोर्टाच्या तारखेला सोबत जा, आणि मुख्य म्हणजे परत येतानाही सोबत राहा. तो अंगावर ओरडला तर तुमच्यावरच ओरडतोय असं समजू नका. मात्र मारहाण सहन करणं म्हणजे आधार देणं नव्हे, हेही घरातल्या बाईला स्पष्ट सांगा.

चौथं, उपचाराला न्या. आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार आणि गरजेप्रमाणे औषधं यांनी फरक पडतो. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. दारू तर नकोच. निफाड तालुक्यातल्या माणसाला नाशिकच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाता येतं. जाणं शक्य नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलता येतं. मरणाच्या गोष्टी निघाल्या तर थट्टेवारी नेऊ नका, थेट विचारा, एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मदत घ्या. अंगारे-धुपारे, देवऋषी हा आपला मार्ग नाही हे सांगायला नकोच. आपल्याकडे कुणी म्हणतं की इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसव, बरा होईल. विपश्यना उपचाराची जागा घेत नाही, हे तिथले आयोजकही सांगतात. दहा दिवसांच्या मौनात दबलेलं सगळं एकदम वर येऊ शकतं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

पाचवं, सांभाळणाऱ्याला सांभाळा. हे ओझं बहुतेक घरांत बायको, आई किंवा बहीण वाहते. रोजंदारी बुडवून, रात्री जागून, कुणाला न सांगता. तिला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळेल असं वस्तीने बघावं. कुणी मुलांचा अभ्यास घ्यावा, कुणी डबा द्यावा, कुणी रात्री सोबतीला जावं. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अशा घरच्यांनी तासभर एकत्र बसावं. त्याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सत्याग्रहींचं मन कुणी नोंदवलं नाही. त्यांची नातवंडं-पतवंडं आज निफाड, येवला, दिंडोरीत आहेत. आजी असं का वागायची, आजोबा रामनवमीला घराबाहेर का पडत नसत, असले प्रश्न घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. तो आपला इतिहास आहे. आणि आज तुमच्या गल्लीत जो माणूस धसका घेऊन बसला आहे, त्याच्याकडे आज संध्याकाळी जा. निवेदन, बॅनर, मोबाइलचा कॅमेरा घरी ठेवा. दार वाजवण्याआधी बाहेरून स्वतःचं नाव सांगा, म्हणजे तो दचकणार नाही.

जय भीम!